गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने आपोआप चालू. पंप बदलायला सांगतायत, बदलू का?

द्वारका_ओझर

गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, चार सिलिंडर, 1 लाख 12 हजार किलोमीटर. 2021 मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय.

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. नाशिकच्या द्वारका ते ओझर रोजच्या फेरीत काही त्रास नाही. पण मुंबईहून येताना कसारा घाट चढून वर आलो, किंवा दुपारी द्वारका सर्कलला वीस-पंचवीस मिनिटं रांगेत अडकलो, की घरातला दिवा मालवावा तशी बंद पडते. आधी झटके नाहीत, पिकअप कमी होणं नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन घेत नाही. बोनेट उघडून 25-30 मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. टेंपरेचरचा काटा मध्यावर, रेडिएटरचा फॅन लागतो, कूलंट पुरेसं आहे.

बॅटरी, चारही प्लग, एअर फिल्टर बदलून झालेत. चेक इंजिनचा दिवा चालताना पेटत नाही. गॅरेजमध्ये सांगितलं की टाकीतला पेट्रोल पंप गेलाय, अख्खा सेट बदला. टाकीत पेट्रोल चार-पाच लिटरच असतं, बाकी सगळं सीएनजीवर. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करायची?

सातपूर_वायरमन

भाऊ, एकच सांगा. बंद पडते तेव्हा गाडी पेट्रोलवर असते की सीएनजीवर?

द्वारका_ओझर

सीएनजीवर. तिन्ही वेळा. स्विचवर गॅसचे तीन दिवे होते, म्हणजे गॅसही संपला नव्हता.

सातपूर_वायरमन

मग पंपाचे पैसे खिशातच ठेवा. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल पंप लागतच नाही. पंप जळालेला असता तरी गाडी गॅसवर चालत राहिली असती आणि अडली असती ती पुढच्या वेळी पेट्रोलवर सेल्फ मारताना. याला एकच अपवाद. गॅस संपत आला की किट आपोआप पेट्रोलवर उडी मारतं, तेव्हा पंप मेलेला असेल तर त्या क्षणी बंद पडते. तुमचे तीन दिवे होते, म्हणजे तोही नाही.

जे दोन्ही इंधनांना सामाईक आहे तिथे शोधा: इग्निशनचा करंट, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) पुरवठा, म्हणजे मेन रिले आणि इग्निशन स्विच, आणि क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय हे ईसीयूला सांगणारा). तुमची लक्षणं सगळ्यात जास्त जुळतात ती क्रँक सेन्सरच्या सर्किटशी. सेन्सर असं न म्हणता सर्किट म्हणतोय, ते पुढे कळेल.

या सेन्सरच्या आत केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. फ्लायव्हीलचे दात समोरून गेले की त्यात सिग्नल तयार होतो. तार कुठे तडकली असेल तर गरम झाल्यावर तडा उघडतो आणि गार झाल्यावर परत चिकटतो. सिग्नल गेला की ईसीयूला वाटतं इंजिन थांबलंय. तो ठिणगीच्या कॉइलला करंट देत नाही, इंजेक्टर बंद करतो, आणि सीएनजीचा ईसीयूही आरपीएम गेला म्हणून गॅसचा व्हॉल्व्ह मिटवतो. म्हणून झटका न देता एकदम बंद. रांगेत किंवा घाट चढल्यावर होतं कारण बोनेटखाली वारा खेळत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर एक्झॉस्टच्या बाजूला बेल हाउसिंगवर (फ्लायव्हीलच्या कवचावर) बसवलेला असतो. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) कार्बन असेल तर गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर डुलत बंद पडते आणि लगेच परत चालू होते. तुमचं ते नाही.

आता मुख्य गोष्ट. चालू गाडीवर हे सापडणार नाही. बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं हीच तपासणीची वेळ. गॅरेजला टो करून नेईपर्यंत ती गार होते, तिथे चालू होते, आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. त्या दहा मिनिटांत हे बघा:

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर ईसीयूला पुरवठाच नाही, मेन रिले आणि फ्यूज बघा. चावीचं चित्र किंवा कुलूप लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप). मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूं आवाज आला तर पंप फिरतोय.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) इंजिन स्पीड बघा. डॅशबोर्डखाली 16 पिनांचा सॉकेट आहे, साधा ब्लूटूथ डोंगलही चालतो. सेल्फवर 200 ते 300 आरपीएम दिसायला हवेत. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर सिग्नल ईसीयूपर्यंत पोचत नाही. मीटरच्या काट्यावर विसंबू नका, काही गाड्यांत तो एवढ्या कमी वेगाला हलतच नाही. बिघाडाचा कोडही बघा. पी0335 म्हणजे क्रँक सेन्सर सर्किट. दिवा पेटत नाही म्हणून कोड नाही असं समजू नका, पेंडिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडांत) सापडतो. आणि सिग्नल गेल्यावर पाच-सात सेकंद सेल्फ फिरल्याशिवाय काही ईसीयू तो नोंदवत नाहीत.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ढकलून चालू करायच्या भानगडीत पडू नका. सेल्फ जोरात फिरतोय तिथे धक्का मारून वेगळं काय होणार?

पंचवटी_फिटर

वायरमनभाऊंशी सहमत, गाडी पंपामुळे बंद पडत नाही. पण तो पंपही फार दिवसांचा सोबती नाही, हेही सांगून ठेवतो. टाकीत बुडालेल्या पंपाला पेट्रोलच गार ठेवतं. चार-पाच लिटरवर चढाला किंवा वळणाला पंप कोरडा पडतो, आणि काही किटमध्ये गॅसवर असतानाही पंप चालूच राहतो. 35 लिटरची टाकी असेल तर 9-10 लिटरच्या खाली जाऊ देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, महिनोन्‌महिने तेच पेट्रोल पडून राहिलं की इंजेक्टरला त्रास.

पंप तपासायचाच असेल तर आवाजावर जाऊ नका, कमजोर पंपही आवाज करतो. इंधनाच्या पाइपला गेज लावा. या प्रकारच्या गाड्यांत दाब साधारण 3 ते 4 बार, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तो कोसळता कामा नये, आणि चावी बंद केल्यावर दहा मिनिटं बऱ्यापैकी टिकला पाहिजे. लगेच शून्यावर आला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय. पाइप उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत पेट्रोलवर चालवा, नाहीतर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडेल.

रस्त्यावर करता येण्यासारखं एक: फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा आणि पंपाचा रिले बऱ्याचदा एकाच नंबरचा असतो. नंबर आणि पिनांची मांडणी जुळत असेल तरच अदलाबदल करून बघा.

आणि नवीन प्लगचा गॅप मोजलात का? बॉक्समधून काढून तसेच लावले जातात. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. बहुतेक किटवाल्या गाड्यांना 0.7 ते 0.8 मिमी गॅप ठेवतात, पेट्रोलच्या प्लगांना 1 मिमीच्या आसपास असतो. गॅप मोठा राहिला की कॉइल जादा तापते. गरम कॉइलही असाच खेळ करते, पण चार सिलिंडरला वेगळ्या कॉइल असतील तर चारही एकदम जात नाहीत, आधी एक सिलिंडर मिस करतो.

घाटवाट

निदान चालू द्या, पण घाटात बंद पडली तर आधी हे. चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच, म्हणून पंपिंग न करता एकदाच घट्ट दाबून डावीकडे घ्या. स्टेअरिंग जड होईल. हँडब्रेक ओढा, चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, मागच्या चाकाला दगड. त्रिकोण किमान 50 मीटर मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं, गाडीत बसायचं नाही. महामार्गाची हेल्पलाइन 1033. शहरातल्या उड्डाणपुलावर बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नसते, तिथे तर बोनेट उघडत बसूच नका. सेल्फ मारून बघणं आणि स्कॅनर लावणं हे सगळं गाडी सुरक्षित जागी आल्यावर.

द्वारका_ओझर

सोसायटीच्या मोकळ्या आवारात एसी लावून आयडलवर ठेवली. 40 मिनिटांनी बंद पडली. नोंदी:

चेक इंजिनचा दिवा पेटतो. पंपाचा आवाज येतो. सेल्फवर स्कॅनरचा आरपीएम 0. पेंडिंगमध्ये पी0335. क्रँक सेन्सर दोन वायरचा आहे. त्याचा कपलर काढून सेन्सरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला: गरम 840 ओहम, दोन तासांनी गार झाल्यावर 720. रीडिंग बदलतंय म्हणजे सेन्सर खराब ना? मागवू का?

सातपूर_वायरमन

थांबा, मागवू नका! उलट ते रीडिंग सेन्सर ठणठणीत असल्याचं आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 40-45 अंशांच्या फरकाला 720 चे 840 व्हायलाच हवेत. तार तुटली असती तर गरम असताना मीटरने ओएल (म्हणजे वाट तुटलेली) दाखवलं असतं.

(वाचणाऱ्या इतरांसाठी: ही ओहमची तपासणी दोन वायरच्या सेन्सरलाच. तीन वायरचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तिथे 5 किंवा 12 व्होल्ट पुरवठा, अर्थ आणि सिग्नल बघावा लागतो.)

सेन्सर सिग्नल देतोय आणि ईसीयूला मिळत नाही, म्हणजे मधली वाट तुटतेय. परत गरम करा. बंद पडल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेन्सरचा कपलर परत लावा, आणि ईसीयूच्या कपलरवर त्याच दोन वायरींमध्ये ओहम मोजा. मोजता मोजता वायरिंग हाताने हलवत जा.

एक सांगा, किट बसवताना टायमिंग अ‍ॅडव्हान्सर टाकलाय का? काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, बॅटरीच्या किंवा फायरवॉलच्या बाजूला. सीएनजी हळू जळतो म्हणून ठिणगी थोडी आधी पाडायला ती लावतात, आणि त्यासाठी क्रँक सेन्सरच्या वायरी कापून डबी मध्ये घालतात. सेन्सरचा सिग्नल आधी तिच्यात जातो, मग ईसीयूत. गाडी पेट्रोलवर असली तरी. ती डबी किंवा तिचा जॉइंट गेला की दोन्ही इंधनं गेली.

द्वारका_ओझर

आहे! बॅटरीच्या ट्रेमागे. ईसीयूच्या कपलरवर ओएल येत होतं. सेन्सरकडून येणाऱ्या दोन वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलीय. टेप वितळून चिकट झालीय, आत तांबं हिरवं पडलंय. एक वायर बोटाने ओढली तर हातातच आली.

सातपूर_वायरमन

सापडलं. डबीसोबत बहुतेक वेळा बायपासचा कपलर येतो, तो लावून डबी बाजूला काढा. नसेल तर मूळ वायरी थेट जोडा.

जोडताना वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका, रंगाला रंग. दोन वायरच्या सेन्सरला पोलॅरिटी असते, उलट जोडली तर गाडी चालू होणार नाही किंवा भलत्याच टायमिंगवर मिसफायर करेल. हिरवं तांबं कापून टाका, चकचकीत तार लागेपर्यंत मागे जा. आधी हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) ओवून ठेवा (हे विसरलं की सगळं परत सोडवावं लागतं), मग सोल्डर, मग श्रिंक. दोन जॉइंट शेजारी-शेजारी नकोत, तीन-चार सेंटीमीटर पुढेमागे घ्या. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊनच न्या, वर जाळी असेल तर तिचा अर्थ एकाच टोकाला. कॉइल, प्लगच्या केबली आणि एक्झॉस्टपासून लांब क्लिपने बांधा.

डबी काढल्यावर गॅसवर चढाला थोडी जड वाटेल, पेट्रोलवर काहीच फरक नाही. परत लावायचीच असेल तर दोन वायरच्या सेन्सरसाठीचीच घ्या. त्याच वेळी बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक असा सेल्फ मारताना व्होल्टेज ड्रॉप बघून घ्या, 0.2-0.3 व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी घासून घट्ट करा.

द्वारका_ओझर

डबी काढली, सोल्डर करून जोडलं. एसी लावून सव्वा तास आयडलवर, बंद पडली नाही. गरम असताना ईसीयूच्या कपलरवर 840 च येतात. पेंडिंग कोड पुसला, परत आला नाही. प्लगचा गॅप 1.05 निघाला, 0.8 केला.

पंचवटी_फिटर

आता टाकीत दहा लिटर टाका.