बेल्जियमची अन्नमदत आणि पिठाच्या पिशव्या
पहिल्या महायुद्धातील बेल्जियमची अन्नमदत ही केवळ अमेरिकी दानशूरतेची कहाणी होती, असे कधी कधी म्हटले जाते, त्यात थोडी भर घालतो. १९१४ मध्ये जर्मनीने देश व्यापला आणि ब्रिटनने सागरी नाकेबंदी केली, तेव्हा आयात धान्यावर विसंबलेला बेल्जियम कात्रीत सापडला. अमेरिकी खाण अभियंते (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) हर्बर्ट हूवर यांच्या मदत आयोगाने लंडन आणि बर्लिन या दोन्हीकडून परवानग्या मिळवून (खासगी संस्थेने हे साधावे, हे नवलच) धान्य जहाजांनी नेदरलँड्समधील रॉटरडॅमला आणि तेथून कालव्यांतील पडावांनी आत पोहोचवले. पण गावोगावचे वाटप बेल्जियन बँकर एमिल फ्रांकी यांच्या राष्ट्रीय मदत समितीतील बेल्जियन स्वयंसेवकांनीच केले आणि पैशाचा मोठा भाग देणग्यांतून नव्हे, तर सरकारांकडून आला.

पिठाच्या रिकाम्या सुती पिशव्यांवरही कडक नजर असे, कारण तो कापूस जर्मन दारूगोळ्यासाठी वापरला जाण्याची भीती होती. त्यांतील कित्येक पिशव्यांवर बेल्जियन स्त्रियांनी सुरेख भरतकाम केले आणि काही आभारादाखल अमेरिकेला पाठवल्या; आयोवातील हूवर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर बेल्जियममधील अमेरिकी प्रतिनिधींचे काम स्पॅनिश आणि डच प्रतिनिधींनी पुढे चालवले, हे तर हूवर यांचे चाहतेही क्वचितच सांगतात.