लेक दवाखान्यात दुभाषी झाली आणि नीटची परीक्षा मागे पडली. चुकलं कोणाचं?

चोपड्याचे गुरुजी (धागाकर्ता)

मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर. नोकरीची पहिली अकरा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर गेली. लेक तिथंच पावरा आदिवासी पोरींबरोबर खेळत वाढली, म्हणून तिला त्यांची पावरी बोली येते. अहिराणी तर घरचीच. नीटला सरकारी एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. यंदा ड्रॉप. जळगावला क्लास, खोली, डबा. खर्च लिहीत नाही, ज्यांच्या घरी रिपीटर आहे त्यांना ठाऊकच आहे.

दिवाळीत घरी आली तेव्हा कळलं, बाईसाहेब आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सरकारी दवाखान्यात जातात. सुरुवात अशी झाली म्हणे: ओळखीच्या पावरा बाईचं बाळ ॲडमिट होतं म्हणून भेटायला गेली. डॉक्टर लातूरकडचा, बाई डोंगरातली. तो विचारतोय जुलाब कधीपासून, ती नुसती मान हलवतेय. हिने मधे बसून बोलणं करून दिलं. तेव्हापासून केसपेपर काढून देणं, रक्ततपासणीची खिडकी दाखवणं, मोफत उपचारांच्या फुले योजनेसाठी रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे नेणं, हे चालूच.

सराव परीक्षेत ५१० वरून ४६० वर आली. आता म्हणते, डॉक्टर व्हायचंच नाही. बीएस्सी नर्सिंग करून डोंगरातच काम करायचं.

दुसऱ्याच्या उपयोगी पडा, माणूस त्यातून घडतो, असं मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. स्वतःच्या घरात घडायला लागलं तर पोटात गोळा आला. मोकळेपणाने बोला, वाईट वाटून घेणार नाही.

रावेरचा केळीवाला

सर, वाईट वाटलं तरी लिहितो. आधी स्वतः उभं राहायचं, मग दुसऱ्याला हात द्यायचा. केळीच्या बागेत घड लागल्यावर आम्ही झाडाला टेकू देतो. टेकूच कच्चा असला तर घडासकट झाड आडवं. तिला गोरगरिबांचीच सेवा करायची आहे ना? मग डॉक्टर होऊन सातपुड्यातल्या धडगावला पोस्टिंग मागून घे म्हणावं, कोणी अडवणार नाही. आज दुभाषी म्हणून दहा जणांना उपयोगी पडेल, डॉक्टर झाली तर दहा हजारांना. ५० मार्क म्हणजे सरकारी सीट हातातून जाते.

शिरपूरची आई

केळीवाले भाऊ, हिशोब बरोबर, पण एक गोष्ट सुटली. डॉक्टर व्हायचं हे त्या पोरीचं होतं की सरांचं? आमच्याकडे दहावीला नव्वद पडले की पोर परस्पर डॉक्टर ठरते. पोरीला कोणी विचारत नाही, आणि तिलाही सांगता येत नाही, कारण तिने दवाखाना आतून पाहिलेलाच नसतो. हिने पाहिला. वॉर्डात रात्रभर कोण असतं, पेशंटशी कोण बोलतं, ते बघून ती सांगतेय. मला तर हा निर्णय कोचिंगच्या जाहिरातीवरून घेतलेल्या निर्णयापेक्षा पक्का वाटतो.

गुरुजी, पोर वाया गयी नही, कामले लागनी.

अमळनेरकर

आमच्या गावचा दाखला देतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालय सांभाळताना मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. मुलं लाजून मग स्वतःच करायला लागली. शिकवण अशी अंगातून उतरते. पोरीने तुमच्याकडूनच घेतलं असेल, सर. पाड्यावर अकरा वर्षं तुम्ही काय नुसते पाढेच म्हणून घेतले?

रावेरचा केळीवाला

अमळनेरकर, गुरुजींबद्दल पूर्ण आदर. पण १९३० ला त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली, तेव्हा मागे बायको-पोरं नव्हती आणि पतसंस्थेचा हप्ताही नव्हता. संतांचे दाखले मास्तरच्या पगारावर लावू नका.

धुळ्याहून, मानसशास्त्र शिकवते

मदतीने स्वभाव घडतो हे सरसकट खरं नाही. कशी मदत, यावर सगळं आहे. १९७३ चा एक प्रयोग आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांच्या जवळपास निम्मा वेळ. आवडीला बक्षीस जोडलं की आवड पातळ होते.

आता आपल्याकडे बघा. नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्याच्या प्रकल्पाला श्रेयांक आहेत. माझ्या वर्गातली मुलं विचारतात, "मॅडम, वृद्धाश्रमात किती तास बसलं की भरतं?" या मुलीला कोणी तास मोजायला सांगितलेले नाहीत, उलट तिचं नुकसानच होतंय, तरी जातेय. सर, हा फरक लहान समजू नका.

रासेयोचा कार्यक्रम अधिकारी

मॅडम, थोडं थांबा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तास मोजतो, नाकारत नाही. पण मार्कासाठी आलेली पोरं मार्कासाठीच राहतात असं नाही. एरंडोलकडचा एक मुलगा फक्त ग्रेस मार्कांसाठी आला होता. रक्तदान शिबिरात पिशव्या, याद्या, नुसती धावपळ. आज रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दार कोणतंही असो, आत आल्यावर काय सापडतं ते आधी सांगता येत नाही.

धडगावचा

मी पावरा. धडगाव तालुक्यातला, सध्या नाशिकला शिकतो. इतका वेळ सगळे बोलताहेत ते मदत करणाऱ्याच्या स्वभावाबद्दल. ज्याला मदत होते त्याचं कोणी विचारत नाही.

मी सातवीत असताना आमच्या पाड्यावर कॉलेजचं शिबिर आलं. जानेवारीत. सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून नाल्यावर वनराई बंधारा बांधला. फोटो, बिस्किटं, गाणी. आमचा नाला डिसेंबरातच आटतो. आजोबांनी सांगितलं होतं, पण ते भिलोरीत की पावरीत हेसुद्धा कोणाला कळलं नाही. कोरड्या नाल्यावर बंधारा उभा राहिला आणि पोरं घडून परत गेली. आम्ही तुमच्या चारित्र्याचा सराव नाही.

सरांच्या मुलीबद्दल राग नाही. ती आमची भाषा बोलते, ती वेगळी. पण प्रश्न तिलाही आहे. दुभाष्याचं काम ती फुकट करते, म्हणून दवाखान्याला दुभाषी लागतो हे वर कोणाला दिसतच नाही. आमच्या मुली बारावी होऊन घरी बसल्या आहेत. त्यांना पावरी, भिली, मराठी सगळं येतं. ते पद पगाराचं व्हायला नको?

रासेयोचा कार्यक्रम अधिकारी

जानेवारीतला बंधारा ही आमची चूक, कबूल. पाऊस सरल्यावर नाला वाहता असतानाच पाणी अडवायचं असतं. तो बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहून जाणार हे धरूनच बांधतात. पण आम्हाला शिबिराची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकातून मिळते, नाल्याकडून नाही. फुकट कामाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भुसावळची सिस्टर

मी वीस वर्षं वॉर्डात आहे. मला दोन्हीकडचं पटत नाहीये, रागावू नका.

बोलणं करून देणं ठीक. पण उद्या त्या पोरीने गोळी "दोनदा"च्या जागी "दोन" सांगितली तर? ती कागदावर कोणी नाही, जबाबदारी माझ्या अंगावर. सिकलसेलचा, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, रिपोर्ट असेल तर आणखी नाजूक. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. हे सांगायला शिक्षण लागतं, आणि सासूसमोर सांगायचं की नाही हे कळायलाही लागतं. पाड्यावर एका वाक्याने पोरीचं लग्न मोडतं. मनाने चांगली असणं पुरत नाही.

आणि केळीवाले भाऊ, नर्सिंग म्हणजे हरल्याचं क्षेत्र असं तुमच्या लिहिण्यातून वाटलं. चार वर्षांचं बीएस्सी आहे, त्यालाही सीईटी आहे. पास झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून घेतात. नोकरी कंत्राटी असते, हे लपवत नाही. पण पाड्यावर रोज दिसणारा माणूस तोच, डॉक्टर तालुक्याला.

रावेरचा केळीवाला

सिस्टर, माफी. माझी बहीणच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे, तिने हे वाचलं तर घरात घेणार नाही. तरी माझं म्हणणं एवढंच, १८-१९ व्या वर्षी रडणारी माणसं बघून घेतलेला निर्णय आणि शांत डोक्याने घेतलेला निर्णय यात फरक असतो. चार महिने दवाखाना बंद ठेवा, परीक्षा होऊ द्या. तरी तेच म्हणाली तर मी स्वतः फीला हातभार लावीन.

शिरपूरची आई

हे स्क्रीनशॉट काढून ठेवतेय.

चोपड्याचे गुरुजी (धागाकर्ता)

रात्री फोनवर सगळं तिला वाचून दाखवलं. धडगावच्या भाऊंचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, पगाराचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं मी चांगलं करतेय." सिस्टरच्या गोळीच्या मुद्द्यावर मात्र लगेच कबूल झाली. एकदा तसं होता होता राहिलं होतं, हे मला आजच कळलं. यापुढे औषधाचं स्वतः सांगणार नाही, सिस्टरना बोलावून त्यांचंच वाक्य पोचवणार म्हणते.

मार्क का घसरले तेही विचारलं. दवाखान्यामुळे नाही म्हणे, फिजिक्सच्या बॅचला सप्टेंबरपासूनच बसत नव्हती. म्हणजे मी ज्याला कारण समजत होतो ते कारण नव्हतंच.

आता घरात असं ठरलंय: दवाखान्यात आठवड्याला तीनऐवजी एकच संध्याकाळ, नर्सिंग सीईटीचा फॉर्म भरायचा, आणि नीटही द्यायची. शेवटची अट तिच्या आईची आहे, माझी नाही.

रावेरचा केळीवाला

वहिनींना माझा नमस्कार सांगा.