जुनी जर्मन टार्गेट रायफल: कोणाची, कधीची, किती मोलाची?

खटका_मंद
नमस्कार मंडळी, एका नातलगांच्या संग्रहातली सिंगल शॉट रायफल सध्या बघतोय (कागदपत्रं रीतसर आहेत, तो विषय नको). बॅरल अष्टकोनी आणि भलतंच जड, ट्रिगर दोन, मागचा ओढून ठेवला की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो, बटप्लेटला वर-खाली शिंगं, गाल टेकायला लाकडाचा मोठा उंचवटा. ट्रिगर गार्ड खाली ओढला की ब्रीच, म्हणजे काडतूस घालायचं मागचं तोंड, उघडतं. बॅरलवर सोनेरी अक्षरात एक जर्मन नाव आणि गाव आहे पण त्या नावाचा कारखाना शोधून शोधून थकलो, कुठेच नाही. फोरएंड (बॅरलखालचं लाकूड) काढल्यावर खाली मुकुट आणि त्याखाली बी, यू, जी अशी अक्षरं, शिवाय १७२,२८ असा आकडा. हा सिरीयल नंबर धरायचा का? मालक म्हणतायत जरा पॉलिश करून घेऊ आणि विकू. किती येतील?

निशाणी_पक्की
मार्टिनी पद्धतीची यंत्रणा आहे ही. लिव्हर ओढला की ब्रीच बंद करणारा ब्लॉक खाली जातो, अजून काय पाहिजे.

गंज_नको
बाकी सगळं नंतर, आधी ते पॉलिश थांबवा राव!! रिसीव्हरवर (बॅरलमागच्या धातूच्या सांगाड्यावर) निळसर-तपकिरी ढगांसारखे रंग असतील ना, ते केस हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचे, एकदा बफ फिरला की गेले ते गेले, आणि घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. बारीक तेलाचा हात फिरवा नि मऊ कापडाने पुसा, बास. आणि तो नाजूक ट्रिगर रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं ती जागा) सारखा खटखट वाजवून बघू नका.

जुनी_नळी
मार्टिनी एवढ्यात म्हणू नका. लिव्हर ओढल्यावर ब्लॉक खाली तर मार्टिनी आणि आयड्ट या दोन्हीत जातो, बिजागरी कुठे आहे ते बघायचं. मार्टिनीत ब्लॉक मागच्या टोकाला अडकवलेला असतो आणि पुढचं तोंड खाली झुकतं. आयड्ट सिस्टीममध्ये उलटं, ब्लॉक लांब आणि वाकडा असतो, बिजागरी पुढे खालच्या बाजूला, आणि तो मागून कमानीसारखा खाली फिरतो. हे डिझाईन कार्ल विल्हेल्म आयड्टचं, पेटंट १८८४ चं, जर्मनीतल्या झूल गावच्या हेनेल कारखान्याने बनवलेलं. रिसीव्हरवर कुठे आयड्ट किंवा हेनेल असं बारीक कोरलंय का ते भिंगाने बघा.

बॅरलवरच्या नावाच्या मागे लागून काही मिळणार नाही असं माझं मत. तेव्हा अ‍ॅक्शन (ब्रीच आणि बार उडवायची यंत्रणा) कारखान्यातून यायची आणि गावोगावचे बंदूकवाले ती फिनिश करून किंवा नुसती विकून वर स्वतःचं नाव घालायचे. खरी गोष्ट खाली लाकडाआड असते, ती तुम्ही काढलीच आहे. मुकुटाखालच्या बी-यू-जी खुणा जर्मन प्रूफच्या, म्हणजे सरकारी चाचणीच्या, कायदा १८९१ चा आणि लागू १८९३ पासून. बी म्हणजे बार काढून चाचणी झाली, यू म्हणजे तपासणी, जी म्हणजे नळीला आटे (आतल्या पीळदार खाचा) आहेत. मुकुटाखाली एन असेल तर धूररहित दारूची चाचणी, ती साधारण १९११ पासूनची. तुमच्याकडे एन नसेल तर बहुतेक १८९३ ते १९११ च्या मधली.

आणि १७२,२८ हा सिरीयल नंबर अजिबात नाही, ती नळीची गेज आहे, स्वल्पविराम म्हणजे त्यांचा दशांश चिन्ह. एक पौंड शिशाच्या तितक्या सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास तो नळीचा, हिशोब करा, साधारण ७.६२ मिमी येतो. म्हणजे आट्यांच्या उंचवट्यांमधलं माप. ८.१५x४६आर काडतूस असण्याची शक्यता दाट, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चेंबरचा साचा काढा. सेरोसेफ नावाची मिश्रधातू येते, ७१ ते ८८ अंशाला वितळते, आधी आकसते मग फुगते, ओतल्यावर तासाभराने मोजायची. आणि नळीचं माप हवं तर मऊ शिशाची गोळी ढकलून काढायची. हे होईपर्यंत गोळी घालायचा विचारसुद्धा नको.

खटका_मंद
बिजागरी पुढेच आहे! आणि ब्लॉक खरंच वाकडा आहे, केळ्यासारखा. एन कुठेच नाही. रिसीव्हरवरचं पुसट झालंय, भिंग आणून बघतो. बरोबर पेटी आहे, त्यात एक दांडीला लाकडी गोळा असलेली वस्तू आणि चिमट्यासारखा गोळीचा साचा. ग्रिपच्या मागे वरती दोन भोकं आहेत, रिकामी.

निशाणी_पक्की
बरं बाबा, आयड्ट तर आयड्ट. तो गोळा म्हणजे पाम रेस्ट, फोरएंडखाली बसतो, उभ्याने नेम धरताना हाताला टेकू. रिकाम्या भोकांवर डायॉप्टर साईट (बारीक भोकातून बघून नेम धरायची चकती) असणार, ती कुठेतरी पडलेली असेल, घरातले सगळे ड्रॉवर उपसा.

जुनी_नळी
भाव फोटोवरून सांगणं म्हणजे ठोकताळे, ते मी नाही करणार. पण कशावर ठरतो ते सांगतो. मूळ साईट असणं-नसणं हा मोठा फरक. मग ब्लॉक, लिव्हर, बटप्लेट यावरचे छोटे आकडे जुळतात का, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का (कोणी उघडून खेळलंय ते लगेच कळतं), नळीत खड्डे किती. बऱ्याच अशा रायफलींना नंतर आतून नळी घालून पॉइंट २२ केलंय, ते संग्राहकाला नको असतं, तुमची मूळ मापाची दिसतेय ही चांगली बाजू. साचा, पाम रेस्ट, पेटी वेगवेगळं विकायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये लोक मनाला येईल तो आकडा टाकतात, त्यावर जाऊ नका. लिलावात प्रत्यक्ष किती बोलीला गेली ते बघा, म्युनिकच्या हर्मान हिस्टोरिका किंवा बोनहॅम्सचे जुने निकाल चाळा, आणि घेणाऱ्याला वर कमिशन पडतं ते धरलंय की नाही तेही वाचा. तारीख नीट ठरवा कारण काही ठिकाणी त्यावर कायदाच बदलतो, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा आधीची असली तरच अँटिक. तुमची त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बसू शकते, त्यामुळे प्रूफच्या खुणांचे फोटो जाणकाराला दाखवूनच विक्रीच्या यादीत वर्ष लिहा.

गंज_नको
फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीजवळ तिरप्या उजेडात, खुणा उठून दिसतात. आणि साईट सापडली तर तिच्यावरचा आकडा रायफलशी जुळतोय का ते इथे टाका.