सोसायटी ग्रुप : दाढ, सूज आणि गेटवरची यादी

14 ऑगस्ट 2020

बी-204, सकाळी 8:12
नमस्कार. दातांचे कोणते डॉक्टर सध्या बघतात का, कुणाला माहीत आहे? आमच्या बाबांची खालची दाढ सोमवारपासून ठणकतेय. दोन रात्री बसून काढल्या त्यांनी. काल ठणका थांबला म्हणून हायसं वाटलं, तर आज गाल सुजलाय. मास्कची दोरी लागते म्हणाले तेव्हा माझ्या लक्षात आलं. नेहमीच्या दवाखान्यात फोन केला, "रुटीन बंद आहे, पुढच्या महिन्यात करा" म्हणाले आणि ठेवून दिला.

ए-501, 8:15
वहिनी, नेऊच नका. कालच फॉरवर्ड आलाय, जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका. त्यांचं वय बघता कशाला कोरोनाचा धोका?

सी-302, 8:17
आमच्याकडे अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप उरली आहे. दाराशी ठेवू का? मार्चमध्ये ह्यांची दाढ त्यावरच शांत झाली होती.

ए-103 डॉक्टर ताई, 8:19
काकू, थांबा. गोळ्या देऊ नका.
वहिनी, पटकन सांगा. ताप आहे का? गिळताना, श्वास घेताना त्रास? तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमधून आत जातात का? सूज डोळ्याकडे चढलीय की जबड्याच्या हाडाखाली उतरलीय? आणि आजची शुगर किती?
फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरा आणि टॉर्च दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा.

बी-204, 8:31
ताप 100.6. पाणी गिळतात, पण दुखतं. बोटं दोनच गेली, तीही कशीबशी. सूज हाडाखाली आहे, हात लावला तर टणक लागते. शुगर 240, एरवी 150 च्या आत असते.

ए-103 डॉक्टर ताई, 8:33
आत्ताच निघायचं. जिथे तोंडाचे सर्जन आहेत अशा हॉस्पिटलमध्ये मी फोन करते, तुम्ही बाबांना तयार करा. औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट बरोबर घ्या. वाटेत लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा आडवं पडल्यावर गुदमरायला लागलं, तर सर्जनची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा.

बी-204, 8:52
गेटवर अडवलंय. ज्येष्ठांना वैद्यकीय कारण असेल तरच सोडायचं आणि यादीत दात नाही, असं सांगताहेत.

सचिव, 8:53
सोडायला सांगितलंय. निघा तुम्ही.

ए-103 डॉक्टर ताई, 9:40
ते पोचले आहेत, सर्जन बघताहेत. आता सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते. कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण गेल्या चार-पाच महिन्यांत मी हेच पुन्हा पुन्हा बघतेय.

आधी त्या फॉरवर्डचं. 3 ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेची दातांच्या सेवेबद्दलची सूचना आली, हे खरं. जिथे साथ समाजात पसरलेली आहे तिथे नुसती तपासणी, दात साफ करणं, दिसण्यासाठीचे उपचार पुढे ढकला, असं त्यात आहे. पण तीव्र वेदना, सूज अशा तातडीच्या उपचारांची सोय चालूच राहिली पाहिजे, हेही त्याच सूचनेत आहे. मथळ्यांत पहिलं वाक्य आलं, दुसरं गळलं. त्या गळलेल्या वाक्यापायी लोक घरी बसून राहताहेत.

आम्ही दातांच्या डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले ते उगाच नाही. रुग्णाला मास्क काढावाच लागतो आणि आमचं तोंड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतं. एरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, चालला की पाणी आणि लाळेचे बारीक तुषार खोलीभर उडतात. म्हणून एका रुग्णानंतर खोली काही वेळ रिकामी ठेवावी लागते, दिवसाला मोजकेच रुग्ण बघून होतात. ते मोजके कोण, हे फोनवर ठरतं. त्यामुळे फोनवर "दाढ दुखतेय, अपॉइंटमेंट द्या" एवढंच म्हणू नका. सूज आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. समोरच्याने विचारायला हवं होतं, मान्य. आज विचारलं गेलं नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता बाबांचं. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं नसतं. नस मेली किंवा हाडात कोंडलेला पू बाहेर फुटला, की दाब जातो आणि दुखणं उतरतं. पू मात्र गालात, मानेत वाट काढत राहतो. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणजे अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. दाढ उघडून किंवा काढून पू वाहता केल्याशिवाय मूळ जात नाही. काकू, मार्चमध्ये तुमच्याकडे दुखणं बसलं, दाढ आहे तशीच आहे. त्यांचा एक्स-रे काढून घ्या. नुसतं दुखत असेल, सूज-ताप नसेल, तर अँटिबायोटिकची गरजच नसते. वेदनाशामक मदत करतं, पण किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायची गोळी असेल तर विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नका.

न थांबणारं रक्त, वाढती सूज, झोप उडवणारी वेदना, मार लागून हललेला दात, ही सगळी तातडीचीच कामं. पडलेला दात दुधाचा नसेल तर मुळाला हात न लावता दुधात घाला आणि तासाभरात घेऊन या. क्लिनिंग थांबू शकतं.

सी-404, 9:58
ताई, मुलाच्या दाढेत खड्डा आहे, दुखत नाही. शाळा सुरू होईपर्यंत थांबू?

ए-103 डॉक्टर ताई, 10:04
इतकं नको. फोनवर दाखवा मला. एरोटर न लावता हातातल्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरता येतं, मुलं घाबरतही नाहीत. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही.

ए-501, 10:20
वहिनी, मी न वाचता लिहिलं. चुकलं माझं. इतर दोन ग्रुपवरही तो फॉरवर्ड टाकला होता, तिथे आत्ता खुलासा टाकतोय.

सचिव, 11:15
गेटवरची यादी मार्चमध्ये मीच केली. हृदय, डायलिसिस, प्रसूती, अपघात असं लिहिलं, दात सुचलाच नाही. आजपासून यादी रद्द. दवाखान्यात जायचंय म्हटलं की सोडायचं, कारण विचारायचं नाही. ज्यांना गाडी लागेल त्यांनी मला फोन करा, रात्रीही चालेल.

बी-204, संध्याकाळी 6:47
दाढ काढली. जबड्याखाली छोटा छेद देऊन पू काढला, रबराची पट्टी ठेवलीय. सलाइनमधून औषध चालू आहे, दोन रात्री ठेवतील. अजून एक दिवस गेला असता तर श्वासनलिकेवर दाब आला असता, असं सर्जन म्हणाले.
बाबांनी पाटीवर लिहून विचारलंय, मास्क डोक्यामागे बांधायचा कुणाकडे आहे का? कानात अडकवायचा त्यांना लागतोय.

सी-302, 6:49
मी शिवते. सकाळी सातला कुणी नेईल का?

ए-501, 6:50
मी नेतो काकू.