स्टार वॉर्स पहिल्यांदा कधी, कुठे आणि कसा पाहिलात?

सुरंगी
परवा आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो होतो सगळे. भराडीदेवीचं दर्शन झालं, बाहेर खाजा घेतला आणि भाच्याने हट्ट करून लाल लाइटवाली प्लास्टिकची तलवार घ्यायला लावली. बटण दाबलं की पेटते आणि व्हुँऽऽम करते. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत व्हुँऽऽम व्हुँऽऽम. म्हटलं अरे ही कुणाची तलवार माहितीये का, तर म्हणे जत्रेची.

मला आमचं कुडाळचं घर आठवलं. स्टार वॉर्स, तो अंतराळातल्या लढायांचा इंग्रजी पिक्चर, मी पहिल्यांदा पाहिला तो काळ्यापांढऱ्या टीव्हीवर. भावाच्या मित्राने कुठूनतरी कॅसेट आणलेली, एम्पायर स्ट्राइक्स बॅक, म्हणजे 1980 चा, मधलाच भाग. आधी काय झालं नंतर काय होणार, कशाचा पत्ता नाही. आता गंमत बघा, हिरो ल्यूकची तलवार निळी आणि व्हिलन वेडरची लाल हे सगळ्या जगाला माहिती, आमच्याकडे दोन्ही पांढऱ्या. अंधारात दोन ट्यूबलाइटी भांडतायत नुसत्या. हात तुटला तेव्हा भाऊ म्हणाला वेडरचा तुटला, मी म्हटलं ल्यूकचा, त्यावरून आमची खरीखुरी मारामारी. कॅसेट मागे घेऊन बघूया म्हटलं तर मित्र म्हणे नको, व्हीसीआरचं हेड खराब होईल. शेवटी आई आली आणि टीव्हीच बंद केला. रंगीत बघितला तो कॉलेजला रत्नागिरीला गेल्यावर, आणि पुढच्या भागात ल्यूककडे चक्क हिरवी तलवार बघून मी चाटच पडले.

तुम्ही कधी, कुठे, कुणाबरोबर पाहिलात ते लिहा. भाग कुठलाही चालेल, अर्धाच पाहिला असेल तरी चालेल.

आमसूल
हेड खराब होईल हाहाहा. आमच्याकडे हेड साफ करायला एक मामा शंभराची नवी नोट वापरायचे, कोणी सांगितलेलं काय माहीत. धाग्यावर नंतर सविस्तर लिहिते, भाकऱ्या चालू आहेत.

खाडीपलीकडचा
आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या आतल्या बाजूला. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की वर्गणी काढून एका रात्रीचा व्हीसीआर आणायचा, टीव्ही अंगणात, बायका पुढे, पोरं तुळशीपाशी, बाप्ये मागे बिड्या ओढत. आधी एक मराठी, मग एक अमिताभचा आणि पहाटे जो काही उरेल तो. त्या वर्षी उरला तो रिटर्न ऑफ द जेडाय, इंग्रजी. बाकीचे उठायला लागले तर आमचे एक काका, मुंबईला गोदीत होते, म्हणाले बसा रे, मी सांगतंय. आणि सुरू. तो जब्बा आला, गोगलगायीसारखा नुसता पसरलेला, काका म्हणाले ह्यो सावकार, त्या गोठवलेल्याने ह्याच्याकडनं कर्ज घेतलंय ते फेडलं नाय म्हणून त्याला भिंतीवर टांगलाय. आम्हाला वाटलं काका फेकतायत. मोठेपणी सगळे भाग ओळीने पाहिले तेव्हा कळलं की हान सोलोवर, म्हणजे त्या गोठवलेल्यावर, खरंच जब्बाचं देणं असतं! बाकी सगळं मात्र शंभर टक्के फेकलेलं. तो बुटका हिरवा गुरू योडा म्हणे ल्यूकचा आजा, वय झाल्यामुळे आखडलाय. जंगलातली ती केसाळ पिल्लं आली, इवॉक, तर म्हणाले ही वानरसेना, आता रावणाचं काय खरं नाय. आणि राजकन्या लेयाने साखळीने सावकाराला आवळला तेव्हा अंगणात जी काय टाळी पडली, आमच्या आजीने तर उठून दोन शिव्या हासडल्या सावकाराला. तिचं आंब्याचं कलम गेलेलं ना तसंच एकाकडे. हा धागा बघून काकांची आठवण आली, गेले आता ते. सबटायटल लावून पाहिला नंतर, पण ती मजा नाही.

सुरंगी
@खाडीपलीकडचा, आजी!! सावकाराला शिव्या!! ऑफिसात बसून हसतेय, शेजारची बघतेय माझ्याकडे.

झिलगो
आमच्याकडे पण असोच एक काको होतो. सगळ्या गावात एकतरी आसताच. माका पयल्यांदा कायच कळाक नाय, तो काळो हेल्मेटवालो दमेकरी वाटलो, एवढो सास कित्याक घेता म्हणान आवस इचारी. तिका वाटला ह्येका कोणीतरी डॉक्टराकडे न्हेवक व्हयो.

रापण
@झिलगो, श्वासाचा विषय काढलास म्हणून लिहितो. मी तारकर्ली मालवण पट्ट्यात स्कूबाचं काम करतो. पिक्चर मी धंद्यात आल्यावर पाहिला, एका गिऱ्हाइकाने लॅपटॉपवर दाखवला, पावसाळ्यात, तेव्हा बोटी वर काढलेल्या असतात आणि आम्ही रिकामेच. वेडर पहिल्यांदा पांढऱ्या धुरातून येतो ना, मी म्हटलं अरे हा तर रेग्युलेटरचा, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायला तोंडात धरतात त्याचा आवाज. कोणी ऐकेना. मग शोधलं तर खरंच तसं. बेन बर्ट म्हणून साउंडवाला आहे त्यांचा, त्याने स्कूबाच्या रेग्युलेटरमध्ये बारका माइक घालून श्वास रेकॉर्ड केलेला. पाण्याखाली गेलात की तुम्हाला स्वतःचा तोच आवाज येतो, आत घेताना खर्र आणि सोडताना बुडबुडे, फक्त वेडरचे बुडबुडे काढून टाकलेत. आता नवीन माणूस घाबरला की मी त्याला बोटीवरच सांगतो, तुम्ही वेडर आहात, हळू आत घ्या, हळू सोडा. लहान मुलं लगेच शांत होतात. एक पुण्याचे आजोबा मात्र म्हणाले कोण वेडा?

आमसूल
कोण वेडा!! मेले.

पायपेटी
माझा अनुभव जरा वेगळा. आमचे आजोबा दशावतारात राजपार्ट करायचे, नंतर गुडघे गेले म्हणून सोडलं पण घरात येताजाता पदं म्हणायचे. मी सीडीवर एम्पायर बघत होतो, आजोबा खुर्चीत पेंगत. शेवटचं युद्ध सुरू झालं आणि ते जागे झाले. थोडा वेळ बघून म्हणाले, ह्यांनी एकमेकांना ओळख विचारली नाही. म्हटलं म्हणजे? तर म्हणाले आपल्याकडे तलवार काढायच्या आधी विचारतात, तू कोण, कुणाचा, कुठल्या राज्याचा, अर्धा तास त्यातच जातो, तबला थांबलेला असतो. इथे कुणी विचारत नाही म्हणजे आत काहीतरी ठेवलंय. हा पोरगा बभ्रुवाहन आहे बघ. मी म्हटलं आजोबा गप्प बसा. आणि दोन मिनिटात तो वेडर म्हणतो मी तुझा बाप आहे.

मी आजोबांकडे बघतोय आणि ते परत पेंगायला लागलेले.

बभ्रुवाहनाचं आख्यान ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. चित्रांगदेचा मुलगा, अर्जुनाशी लढतो आणि बापाला पाडतो, मग उलूपी मणी आणून उठवते. आमच्याकडे पाहिलंय मी ते, पहाटे चार वाजता, लोकांच्या डोळ्यात पाणी. कथा माहीत असते सगळ्यांना, तरी. म्हणून मला ते स्पॉइलर स्पॉइलर करणाऱ्यांचं फारसं पटत नाही.

माडाखाली
@पायपेटी काय भारी लिहिलंय. एक भर घालतो, त्या सीनला सेटवरसुद्धा बहुतेकांना माहीत नव्हतं. वेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउस होता, त्याला दिलेलं वाक्य वेगळंच, ओबी-वानने (ल्यूकचा पहिला गुरू) तुझ्या बापाला मारलं असं काहीतरी. मार्क हॅमिलला म्हणजे ल्यूकला शॉटच्या आधी खरं सांगितलं आणि खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात घातलं. म्हणजे प्राउसलाच माहीत नाही की आपण बाप आहोत.

स्पॉइलरबद्दल मात्र असहमत. तुमचे आजोबा ओळखू शकले कारण त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला एका टी-शर्टवरून कळलं होतं, ते दुःख वेगळं.

पायपेटी
टी-शर्ट हाहा. बरं, मान्य, अर्धं.

हापूस_नको
दापोली. 2020 च्या एप्रिलमध्ये हॉटस्टारवर सगळे भाग आले, आम्ही घरात कोंडलेले, म्हटलं ओळीने बघूया. मी, बायको, मुलगी आणि मुंबईहून येऊन अडकलेला दीर. म्हणजे बायकोचा दीर, माझा भाऊच. मे महिना आंबा पेट्यांच्या धावपळीत गेला, गिऱ्हाईक नाही, ट्रक नाही, त्यावर वेगळा धागा होईल. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत न्यू होप (1977 चा, सगळ्यात आधी आलेला) आणि एम्पायर उरकले. हान सोलोला गोठवलं, ल्यूकचा हात गेला, बाप कळला आणि पिक्चर संपला तसाच लटकत. उद्या पुढचा बघू म्हणून झोपलो. 3 जूनला निसर्ग वादळ. कौलं, माड, पोफळी, कलमं, काय काय गेलं ते सांगत बसत नाही. लाइट गेली ती किती दिवस गेली विचारू नका, मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. आणि या सगळ्यात मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, रोज रात्री मेणबत्तीत एकच प्रश्न, बाबा हान सोलो अजून तसाच आहे का? भाऊ म्हणायचा 1980 च्या लोकांना तीन वर्षं थांबायला लागलेलं, पुढचा 1983 ला आला, तू गप झोप. शेवटी त्यानेच तिला गोष्ट रचून सांगितली की हान सोलोच्या घरचीपण लाइट गेली त्यामुळे बर्फ वितळला. लाइट आल्यावर खरा पाहिला तर ती म्हणाली काकाची गोष्ट चांगली होती.

सोलकढी
@हापूस_नको आमची पण सगळी बाग गेली तेव्हा. मंडणगड. कलमं आता कशी आहेत?

हापूस_नको
@सोलकढी नवीन लावलीत, अजून धरत नाहीत नीट. तुमची?

सोलकढी
काजू लावलाय निम्म्यात. बघू. नर्सरीवाल्याचं तुम्हाला वेगळं कळवते.

ठोकळेबाज
विरोधी सूर चालेल का? मला अजिबात आवडला नाही. मी सुरुवात 1999 वाल्याने केली कारण त्यावर भाग 1 लिहिलेलं, शहाण्या माणसाने एकपासूनच सुरू करावं ना. पिवळी अक्षरं वर जातायत आणि पहिल्याच परिच्छेदात व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद. अरे मी दिवसभर जीएसटीचंच काम करतो! मग नाकेबंदी, सभा, ठराव. झोपलो. नंतर मित्राने धरून 1977 वाला दाखवला, तो बरा आहे पण एवढा मोठा डेथ स्टार, म्हणजे व्हिलन लोकांचा अंतराळातला तळ, आणि त्याला दोन मीटरचं एक भोक, त्यातून टाकलं की सगळं खल्लास? कुठल्या इंजिनिअरने पास केलं हे?

माडाखाली
@ठोकळेबाज त्यासाठीच 2016 ला रोग वन काढला. ज्या इंजिनिअरला जबरदस्तीने कामाला लावलेलं त्यानेच मुद्दाम कमजोरी ठेवलेली असते. तो जिथे संपतो तिथूनच 1977 वाला सुरू होतो, लागोपाठ बघा, भोकाबद्दलचं मत बदलेल.

ठोकळेबाज
एकोणचाळीस वर्षांनी खुलासा. आमच्या खात्यात चालून जाईल हा माणूस.

बांगडा_फ्राय
मी अजून एकही पाहिलेला नाही आणि हा सगळा धागा वाचून काढला, आता बाप कोण, हात कुणाचा सगळं माहिती झालं, धन्यवाद मंडळी. तरी बघायचाय, मे महिन्यात गुहागरला पोरांना घेऊन. कुठून सुरू करू?

माडाखाली
आले त्या क्रमाने. 1977, 1980, 1983, मग 1999 पासूनचे तीन. काही लोक भागाच्या नंबराने (1977 वाला म्हणजे भाग 4, 1999 वाला भाग 1) 4, 5 मग 2, 3 आणि शेवटी 6 असं बघतात, म्हणजे बाप कळल्यावर बापाची गोष्ट आणि मग शेवट. त्यात पहिला भाग गाळतात, म्हणजे @ठोकळेबाज यांचा जीएसटीवाला टळतो.

आमसूल
पोरं लहान असतील तर 2017 वाला लास्ट जेडाय पण आवडेल, त्यात पोर्ग आहेत, गोल गोल डोळ्यांचे पक्षी. आयर्लंडच्या एका बेटावर शूटिंग होतं, तिथे पफिन पक्षीच एवढे की फ्रेममधून हाकलता येईनात, म्हणून त्यांच्यावरून हे पोर्ग बनवून टाकले. माझी लेक फक्त तेवढ्यासाठी बघते. माझा स्वतःचा अनुभव राहिला, भाकऱ्या झाल्या आता पाणी आलंय.

बांगडा_फ्राय
छान, पोर्ग नक्की. मुंबईहून येताना दापोली करून मग गुहागर करणार, दाभोळ धोपावे फेरीत गाडी घेतात ना अजून?

हापूस_नको
घेतात. मे महिन्यात रांग असते, लवकर या. आणि येताना आमच्याकडे चहाला थांबा.

झिलगो
@खाडीपलीकडचा तुमच्या गावाक व्हीसीआर देणारो तो आजून आसा काय? आमच्याकडे थयसूनच येय बहुतेक, निळो टेम्पो.

खाडीपलीकडचा
तोच निळा टेम्पो! आता त्याचा मुलगा बघतो, मंडप, खुर्च्या आणि जनरेटर. व्हीसीआर माळ्यावर पडलाय म्हणाला.

झिलगो
जनरेटर मिळात काय मे म्हयन्यात? चुलत भयणीचा लगीन आसा. डीजे नको, निस्तो जनरेटर.

खाडीपलीकडचा
विचारून सांगतो. तारीख टाक.