झुरिक ते मिलान: नव्या बोगद्यातून जावे की जुन्या घाटमार्गाने? मदत हवी आहे

येत्या जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन झुरिकहून मिलानला रेल्वेने जायचे आहे. रस्त्याने हे अंतर साधारण २८० किलोमीटर आहे आणि थेट गाडी सुमारे सव्वातीन तासांत पोहोचवते, कारण २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड पायथा बोगद्यातून ती आल्प्स पर्वत ओलांडते. वेळ वाचतो हे खरे, पण वीसेक मिनिटे खिडकीबाहेर निव्वळ अंधार असतो, आणि आल्प्स पाहण्याची बाबांची फार दिवसांची इच्छा आहे.

१८८२ सालचा जुना मार्ग गशेनेन आणि ऐरोलोवरून जातो. वासेन येथे गाडी वळणे घेत चढत असल्यामुळे तेथील चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. मात्र त्या मार्गाने गेल्यास बेलिन्झोना येथे गाडी बदलावी लागेल, असे दिसते. आईचे गुडघे दुखतात, शिवाय सोबत दोन जड बॅगा असतील.

जुन्या मार्गाने प्रत्यक्षात किती वेळ जास्त लागतो? बेलिन्झोनाला फलाट बदलण्यासाठी लिफ्ट सोयीची आहे का? स्विस ट्रॅव्हल पास सीमेवरील कियासोपर्यंतच चालतो, तर पुढील तिकीट आधीच काढावे का? ज्यांनी हा प्रवास ज्येष्ठांसोबत केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.