'संशयास्पद भरणा' की 'संशयित खातेदार'? आणि कळवणं म्हणजे नक्की काय?

मी (प्रश्नकर्ती)

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या रोखपालांसाठी मराठी टिपण तयार करतेय. विषय एवढाच, की खात्यावर आलेली रोकड संशयास्पद म्हणून वर कधी कळवायची. मूळ मसुदा इंग्रजीवरून कुणीतरी घाईत उतरवलेला आहे आणि मी त्यातल्या काही शब्दांवर अडलेय.

एक सुटला. मसुद्यात सगळीकडे 'रोख ठेवी' होतं. ठेव म्हटली की मुदत, पावती, व्याज. काउंटरवर नोटा देतो तो भरणा. तो शब्द सरसकट बदलला.

पुढचा मात्र छळतोय. एका पानावर 'संशयास्पद व्यवहार', दुसऱ्यावर 'संशयित व्यवहार', तिसऱ्यावर थेट 'संशयित खातेदार'. हे तिन्ही एकच का? मला नाही वाटत. पेपरात 'संशयिताला ताब्यात घेतले' वाचून वाचून त्या शब्दाला बेड्या चिकटल्यात. ऐन काउंटरवर तो शब्द रोखपालाच्या तोंडात बसला तर काय होईल, याची मला खरंच काळजी वाटते.

मराठीच्या निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

काळजी रास्त आहे. आस्पद म्हणजे स्थान, जागा. ज्यात संशयाला जागा आहे ते संशयास्पद. हास्यास्पद, लज्जास्पद तसंच. हे विशेषण गोष्टीला, वागण्याला, व्यवहाराला लागतं. संशयित म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला गेला तो. तिथं बोट माणसाकडे गेलं. आणि संशयी तर संशय घेणारा. तेव्हा 'संशयास्पद व्यवहार' एवढंच ठेवा. 'संशयित खातेदार' काढूनच टाका.

आमच्या आजीकडे यासाठी 'वहीम' होता. 'माझा त्याच्यावर वहीम आहे' म्हणायची. पण तोही माणसावरच जातो, म्हणून इथं उपयोगाचा नाही. व्यवहाराबद्दल बोलताना आपली माणसं काय म्हणतात ते आठवा : 'कुठंतरी पाणी मुरतंय.' यात कुणाचं नाव नाही. पाणी येतंय किती आणि दिसतंय किती, याचा मेळ लागत नाही, एवढंच त्यात आहे.

निवृत्त शाखाधिकारी, शाहूपुरी

मॅडमनी 'मेळ' म्हटलं, तोच खरा शब्द आहे. माझ्या एका शाखेत जोतिबाच्या वाटेवरचे दुकानदार खातेदार होते, गुलाल-खोबऱ्याचे. चैत्र यात्रा झाली की दोन-तीन दिवसांनी पिशव्या घेऊन यायचे. दहाच्या, वीसच्या नोटा, सगळ्या गुलालानं माखलेल्या. मोजायच्या मशीनमधनं गुलाबी धूळ उडायची, रोखपालाचा सदरा संध्याकाळी धुवायलाच टाकायला लागायचा. रक्कम वर्षातली सगळ्यात मोठी, पण मनात कधी पाल चुकचुकली नाही. आता तेच खातं धरा. आषाढात, डोंगरावर धो धो पाऊस, दुकानाला ताडपत्री बांधलेली, आणि खात्यावर पाचशेच्या कोऱ्या बंडलांचा भरणा येतोय, दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम तिसऱ्याच गावच्या खात्यावर जातेय. रक्कम यात्रेच्या निम्मी असेल, पण इथं कळवायला पाहिजे.

म्हणून टिपणात 'मोठा भरणा' आणि 'संशयास्पद भरणा' यांची गल्लत होऊ देऊ नका. दहा लाखांच्या वरचा रोख व्यवहार बँक महिन्याच्या महिन्याला कळवतेच, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. तुकडे करून भरले आणि एकमेकांशी जोडलेल्या त्या तुकड्यांची महिन्याची बेरीज दहा लाखांच्या वर गेली, तरी तेच. त्यात कुणाचा संशय बिंशय नसतो. संशयास्पद व्यवहाराला रकमेची मर्यादाच नाही. 'दहा लाखांच्या आत भरलं की कुणी विचारत नाही' हे चहाच्या गाड्यावरचं ज्ञान आहे, आणि खेदानं सांगतो, काही काउंटरवरचंसुद्धा.

मी (प्रश्नकर्ती)

सर, हे जसंच्या तसं घालते. पण तुकड्यांबद्दल एक विचारायचं होतं. सगळेच तुकडे लबाडीचे असतात का?

निवृत्त शाखाधिकारी, शाहूपुरी

नाही हो. एकदा करवीर तालुक्यातला एक शेतकरी आला. टॉवेलात गुंडाळलेले पैसे, नोटांना वैरणीचा वास. 'साहेब, दोन म्हशी इकल्या, त्येचं हाय.' त्या वेळी एका दिवसात पन्नास हजारांच्या वर रोख भरायची तर पॅन मागायचे, आणि याच्याकडं पॅन नव्हता. पॅन नसलेल्यांसाठीचा फॉर्म ६० भरून घेतला असता तर काम झालं असतं. आमच्याच माणसानं सल्ला दिला : 'आज एकोणपन्नास भरा, उरलेले उद्या.' बिचाऱ्यानं तसं केलं. आता कागदावर बघणाऱ्याला काय दिसणार? मर्यादा चुकवायला तोडून भरलेली रक्कम! तो तुकडा त्याचा नव्हता, आमचा होता. असला सल्ला कधीच देऊ नये, हे टिपणात ठळक घाला.

वकील, ताराबाई पार्क

शब्दांचा विषय आहे म्हणून व्याख्येकडं येतो. मनी लाँडरिंग (म्हणजे गुन्ह्यातला पैसा स्वच्छ करून दाखवणं) प्रतिबंधक कायदा २००२ चा, अंमल १ जुलै २००५ पासून. त्याखालच्या नियमांत संशयास्पद व्यवहाराची व्याख्या आहे, आणि तिची सुरुवात मला फार आवडते : सद्भावनेनं वागणाऱ्या माणसाला ज्यात संशयाला वाजवी कारण दिसतं तो व्यवहार. पैसा गुन्ह्यातला असावा असं वाटणं, विनाकारण गुंतागुंत, आर्थिक तर्क न लागणं, दहशतवादी कारवायांना पैसा जात असल्याची शंका, हे सगळं पुढं येतं. पण आधी सद्भावना. खातेदाराचे कपडे, जात, धर्म, बोली बघून येतो तो संशय या व्याख्येत बसतच नाही.

'वाजवी' शब्दही जपा. तुमच्या मसुद्यात बहुतेक 'सबळ कारण' असेल. सबळ पुरावा लागतो कोर्टात. बाजारात आपण वाजवी दर म्हणतो, म्हणजे चार शहाण्या माणसांना पटेल असा. इथं तेवढंच अपेक्षित आहे.

मी (प्रश्नकर्ती)

'सबळ' आहेच! आणि त्याहून वाईट एक वाक्य आहे : 'व्यवहार संशयास्पद असल्याबद्दल समाधान झाल्यावर कळवावे.' संशयाचं कसलं समाधान? 'खात्री' करावं म्हटलं, तर रोखपाल म्हणेल, खात्री झाली तर मग संशय कुठला उरला?

वकील, ताराबाई पार्क

खात्री गुन्ह्याची नाही, संशयाला वाजवी कारण आहे याची. मुदतही तिथूनच मोजायची. बराच काळ नियमात अशी खात्री झाल्यापासून कामकाजाचे सात दिवस होते. रोखपालाला एवढंच सांगा, की विचारपूस करूनही मेळ लागला नाही की त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याच्या कानावर घाला. पुढं पाठवायचं का, हे बँकेचा प्रिन्सिपल ऑफिसर, म्हणजे असं कळवण्यासाठी नेमलेला अधिकारी, ठरवतो, आणि ते जातं दिल्लीला, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडं. कलम १४ प्रमाणं या कळवण्याबद्दल बँकेवर किंवा कर्मचाऱ्यावर दावा-खटला चालत नाही.

मी (प्रश्नकर्ती)

मग या कळवण्याला नाव काय? 'तक्रार' तर नाहीच. 'अहवाल' फॉर्मवर ठीक, पण जड आहे. मला 'वर्दी' सुचतोय. अपघातातला जखमी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, आणला की तिथल्या पोलीस चौकीत नोंद होते, डॉक्टर वर्दी देतात. डॉक्टर कुणावर आरोप करत नाहीत. असा माणूस आलाय, अशा जखमा आहेत, बघा, एवढंच. बँकेचं काम हुबेहूब तेच आहे.

मराठीच्या निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

अर्थानं अगदी चपखल. पण आजच्या पोरांना वर्दी म्हणजे खाकी. काउंटरवरचा तेवीस वर्षांचा मुलगा 'वर्दी दिली' वाचून पोलिसात दिलं असंच समजेल. समजावताना सीपीआरचा दाखला जरूर द्या, शब्द मात्र साधा 'कळवणे' ठेवा.

निवृत्त शाखाधिकारी, शाहूपुरी

आणि कळवलंय हे खातेदाराला सांगायचं नाही, हे विसरू नका. एका शाखेत एका क्लार्कनं आपुलकीनं सांगून टाकलं, 'दादा, तुमचं नाव संशयितांत गेलंय.' कायद्यानं हे चालतच नाही. शिवाय त्या माणसाचा व्यवहार पुढं सरळ निघाला, पण त्यानं बँकेची पायरी सोडली ती सोडलीच. तुमचा 'संशयित' शब्द नेमका तिथं नडला होता.

मी (प्रश्नकर्ती)

'संशयित खातेदार' सगळीकडून काढला, 'कळवणे' ठेवला. एकच उरलंय. नियमात पूर्ण न झालेला, नुसता प्रयत्न केलेला व्यवहारही धरलाय. मसुद्यात त्याला 'प्रयत्नित व्यवहार' म्हटलंय. हे कुणाला कळणार?

गुजरीतले सराफ

इतका वेळ नुसता वाचत होतो. आमच्याकडंही असं गिऱ्हाईक येतं. रोकड दाखवतो, भाव ठरवतो, आणि ओळखपत्र मागितलं की 'आलोच गाडी लावून' म्हणून जातो तो गेलाच. आम्ही त्याला 'अर्ध्यात उठला' म्हणतो.

निवृत्त शाखाधिकारी, शाहूपुरी

आमच्यात 'स्लिप फाडून गेला' म्हणायचे. पैसा कुठला म्हणून विचारलं, की हातातली स्लिप फाडून खिशात घालायचा आणि बंडलं उचलून चालू लागायचा. ताई, टिपणात हेच लिहा. स्लिप फाडून गेला, तरी कळवायचं.